पाऊण कापलेली फीत

कोपरखैरण्याला सेक्टर पंधराच्या नाक्यावर माझं दुकान.
समया, शाली, फुगे, खुर्च्यांची कव्हरं,
आणि एक चांदीचं ताट. चांदीचं म्हणजे पाणी दिलेलं.
ताटात लाल मखमल, मखमलीवर कात्री.
भाडं दिवसाला साडेतीनशे. ताट धरायला मी स्वतः जातो,
त्याचे वेगळे घेत नाही.

ह्या कात्रीला चौदा गाजलेल्या माणसांचे हात लागलेत.
वहीत तारखा आहेत. जिम, सोनार, दाताचा दवाखाना,
एक दुकान तर दोनदा, मध्ये बंद पडून.

आणि चौदा फोटोंत माझा कोपर आहे.
ताटाच्या कडेला, बाहीपासून मनगटापर्यंत.
आई चष्मा वर करून बघते, बोट ठेवते,
शेजारणीला दाखवते: ह्यो कोपर आमचा.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नाही.
फीत मी मागच्या अंगानं आधीच पाऊण कापून ठेवतो.
सॅटिन हट्टी असतं. कात्रीत नुसतं दुमडतं.
एकदा वाशीला, चष्म्याच्या दुकानात,
एक नट दाबत राहिला, दाबत राहिला,
गर्दीत कोणीतरी फिस्सकन हसलं
आणि मालकानं माझं भाडं बुडवलं.
तेव्हापासून वरच्या खिशात ब्लेड.
तेव्हापासून सगळ्यांचा हात हलका.
लागला न लागला की सुटते फीत,
लोक म्हणतात, बघ, काय सहज!

लोक म्हणजे, खांद्यावर पोरं,
पोरांच्या हातात मोबाइल,
मोबाइलमध्ये पुढच्याच्या मोबाइलची पाठ.
एक बाई मेथीची जुडी सांभाळत विचारत होत्या, कोण येणारे?
नाव सांगितलं. म्हणाल्या, नाही बाई ओळखत.
आणि दीड तास उभ्या राहिल्या.

मग आमच्या प्रणितावहिनीनं घणसोलीत
पोळीभाजी केंद्र काढलं. दहा बाय बाराचा गाळा.
भिशी उचलली, वर कानातले ठेवले,
आणि मालिकेतल्या धाकट्या सुनेला बोलावलं,
वीस मिनिटांचे साठ हजार, अर्धे आधी.
मी म्हटलं, वहिनी, एवढ्यात दोन फ्रीज येतील.
ती म्हणाली, फ्रीज बघायला कोण येतं?

अकराची वेळ. बारा वाजले. एक वाजला.
कणीक सुटायला लागली.
दोन वाजता फोनवर व्हिडिओ आला:
गाडीत बसलेली सून, गालावर ऊन,
नमस्कार, घणसोलीकर! माझ्या लाडक्या प्रतिमाताईंना
खूप खूप शुभेच्छा.
वहिनी दोनदा ऐकून म्हणाली,
आवाज किती गोड आहे नाही?

गर्दी पांगली. फीत तशीच दारात.
भुकेजलेले चारजण वाकून खालून आत आले,
पोळ्या घेऊन वाकूनच बाहेर गेले.
मी ताट धरून उभा. कोपर दुखायला लागला.
मढव्यांचा लहान पोरगा वाकायला विसरला,
कपाळ लागलं, आणि फीत
दोन्हीकडे अलगद पडली.
तो रडायलाच लागला:
मी नाय तोडली, आधीच तुटलेली होती!

खरं बोलणारा तेवढा एकच निघाला.
मी त्याला लाडू दिला. नाव विचारायचं राहिलं.

आता वहिनीच्या गल्ल्यामागे टीव्हीवर
तो व्हिडिओ दिवसभर चालू असतो.
पाटीवरचं नावही तिनं बदलून घेतलंय:
प्रतिमाताईंचं पोळीभाजी केंद्र.
धंदा बरा आहे. दुपारी रांग असते.
रांगेतलं कोणी ना कोणी विचारतंच,
खरंच आली होती का हो ती इथे?
वहिनी तव्यावरून मान वर करत नाही.
आली होती ना, मी म्हणतो.
ताट मीच धरलं होतं.